शाळा विकास आराखड्याच्या सभेबाबत सूचना

शाळा व्यवस्थापन समितीच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 22 नुसार समितीने तयार केलेला शाळा विकास आराखडाच अनुदानाचा आधार ठरत असल्याने, त्याचा मसुदा अंतिम करण्यासाठी येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर सभा होईल. वर्गखोल्यांची रंगरंगोटी पूर्ण झाली, याचे समाधान आहे. परंतु मुलींच्या स्वच्छतागृहातील नळाला अद्याप पाणी येत नाही आणि रॅम्पची कड फुटल्याने चाकाची खुर्ची तिथेच अडते. माझ्या मते ही कामे रंगाच्या आधी व्हायला हवी होती. कायद्याने समितीत निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत, त्या केवळ सहीपुरत्या नाहीत. म्हणून मातापालकांनी आवर्जून यावे व नळाचा विषय स्वतः मांडावा.

अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती