शिक्का बाजूला ठेवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

ग्रंथपाल बाई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. ग्रंथालयाचंही लिहीत नाही. अंत्रुज महालातली, म्हणजे आमच्या फोंड्याकडची, दहाबारा माणसं तरीही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. घरी येऊन मानले असते तर चहाचा कप खाली ठेवता ठेवता तुम्ही 'कसले हो आभार' म्हणून विषय बदलला असता. कागदावर तसं करता येत नाही.

आमच्या आजोबांची पत्र्याची ट्रंक तुमच्याकडे आली, त्याला आता वर्ष होत आलं. आत काय होतं ते वाचणाऱ्यांसाठी सांगतो. गावच्या देवळात जत्रेला होणाऱ्या नाटकांची हँडबिलं, गावच्या वाचनालयाचे छापील वार्षिक अहवाल आणि मासिकांचे काही सुटे अंक. आजोबा दिवसा सुपारीच्या बागेत आणि जत्रेच्या रात्री नऊवारीत. नायिकेचं काम करायचे. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ, पण घराबाहेर तिला पुरावा काही नव्हता. मराठी विकिपीडियावर आमच्या देवळाच्या उत्सवी रंगभूमीवर एक छोटा लेख होता. भाच्याने हौसेने लिहिलेला. तो 'संदर्भ हवा' ही पाटी गळ्यात अडकवून कैक वर्षं उभा होता. 'आमच्या आजोबांनी सांगितलं' हा विश्वकोशात संदर्भ होत नाही, आणि होऊही नये. छापील काहीतरी लागतं. ते छापील आमच्याच माळ्यावर पडलं होतं.

आज ती हँडबिलं विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या खुल्या भांडारात आहेत, अहवाल विकिस्रोतावर, म्हणजे त्यांच्याच खुल्या ग्रंथालयात, ओळीन् ओळ वाचता येतात आणि भाच्याच्या लेखाखाली संदर्भांची रांग लागली आहे. हे कसं झालं याची पूर्ण हकिकत सांगत बसत नाही. ती मला नीटशी कळलेलीही नाही.

तुमच्याकडे येण्याआधी ही ट्रंक एका संस्थेत राहून आली होती. नाव त्यांचंही घेत नाही, पण कारण वेगळं. वातानुकूलित खोली, भलामोठा स्कॅनर, भिंतीवर उद्घाटनाचे फोटो. 'वारसा जतन' असा फलक. मला फार बरं वाटलं होतं. काही महिन्यांनी त्यांनी स्कॅन दाखवले, तर प्रत्येक पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत संस्थेचं नाव तिरकं छापलेलं. आजोबांचं नाव त्या अक्षरांखाली गुदमरलेलं. पाटीशिवायची प्रत हवी असेल तर अर्ज करा म्हणाले. अर्ज केला. मग म्हणाले, शिफारसपत्र आणा, संशोधक आहात का? आजोबांचं नाव वाचायला नातवाला कुणाची शिफारस लागावी, हे मला अजून उमगलेलं नाही. संकेतस्थळ मात्र थाटात सुरू झालं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि पुढच्या पावसाळ्यात ते बंद पडलं ते पडलंच. ट्रंक परत आली तेव्हा सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांना स्टेपलर मारलेला होता. आपल्या हवेत पिनेला गंज चढायला किती वेळ लागतो ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्यांच्या फलकावर 'जतन' लिहिलंय त्यांना सांगायला हवं होतं.

भाषणांत आपण दोन सालं हमखास सांगतो. 1556 साली देशातला पहिला छापखाना गोव्यात आला. 1832 साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय उघडलं, जे आज कृष्णदास शामांच्या नावाने चालतं. टाळ्या पडतात. ते ऐकताना मला ती गंजलेली पिन आठवते.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते.

तुमच्या टेबलावर कागद पसरले होते. मी ते देऊनच टाकत होतो. घरात कसर आणि वाळवी यांच्याशी आमचं जमत नाही. शिपायाने सवयीने जांभळ्या शाईचं पॅड आणि गोल शिक्का तुमच्यापुढे आणून ठेवला. ग्रंथालयात आलेल्या पुस्तकावर पहिल्या पानाला शिक्का, शेवटच्या पानाला शिक्का आणि मध्ये कुठेतरी ठरलेल्या गुप्त पानाला शिक्का, ही रीत मला ठाऊक आहे. दिलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची खूण पडणारच, तक्रार कसली करायची? तुम्ही शिक्का हातात घेतलात आणि 1933चं हँडबिल पुढे ओढलंत. त्याच्या डाव्या कोपऱ्यात आधीच एक शिक्का होता, पोर्तुगीज अमलातल्या परवानगीचा, फिकट, अर्धा आजोबांच्या नावावर चढलेला. त्या काळी लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून आणावी लागे, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगत. नाटक तर दूरच. तुम्ही त्या शिक्क्याकडे बघत राहिलात. मग शिपायाला म्हणालात, "हाचेर एक शिक्को आसा न्ही, पुरो."

आणि पॅडचं झाकण लावलंत.

दाखल क्रमांक तुम्ही पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहिलात आणि चिठ्ठी हँडबिलाच्या पाकिटात सरकवलीत. "बाई, ऑडिटवाले विचारतील," शिपाई पुटपुटला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माझं नाव सांग."

बाई, तुम्हाला हे लक्षातही नसेल. तुमच्या दृष्टीने जुन्या कागदावर शाई फुटते, एवढं साधं कारण असेल. पण श्रेय द्यायचं म्हटलं की नाव लपवणाऱ्या बाई जाब द्यायच्या वेळी स्वतःचं नाव पुढे करतात, हे मी पाहिलं. त्या क्षणी मला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. तुम्हाला वाटलं मी आभाळ बघतोय.

पुढे कॉमन्सवर फोटो चढले तेव्हाही तेच. स्रोत म्हणून तुम्ही गावाचं नाव दिलंत, जुन्या वाचनालयाचं दिलंत, आणि तुमचं ग्रंथालय कागद कुठे ठेवलेत तेवढ्या ओळीपुरतं. फोटोवर एक अक्षर नाही. हँडबिलं लांबुळकी, तुमच्या छोट्या स्कॅनरवर मावत नव्हती, म्हणून दुपारच्या उजेडात खिडकीशी धरून मोबाईलने टिपलीत. वातानुकूलित खोलीतल्या त्या यंत्रापेक्षा ती जास्त वाचनीय आली आहेत.

काटेकोरपणा मात्र तुमचा भयंकर. लेखकाचं नाव नसलेल्या छापील मजकुरावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, नाव असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी, हे मी तुमच्याकडून शिकलो. ट्रंकेतल्या एका अंकात बाकीबाब बोरकरांची कविता निघाली तेव्हा मी उड्या मारल्या. तुम्ही शांतपणे अंक बाजूला ठेवलात. ते 1984 साली गेले, म्हणजे 2044 संपेपर्यंत थांबायचं. मी म्हटलं, कोण बघतंय? तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. तो अंक पाकिटात आहे, आणि तो चढवायला तेव्हा मी असणार नाही हे आपण दोघांनाही ठाऊक आहे.

विकिस्रोताचा रंगांचा खेळ मला सगळ्यात आवडला. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. दोन्ही वेळा तोच माणूस चालत नाही. कॉलेजची मुलं तुमच्याकडे दुपारी लॅपटॉप घेऊन बसायची आणि तुमच्या पैशाने भाजी-पाव खायची. (ग्रंथालयाच्या खर्चात तो बसत नाही हे मी विचारून घेतलंय.) यंत्राने ओळखलेली अक्षरं म्हणजे निम्मा गोंधळ. 'नाहीं', 'कांहीं' यांवरचे अनुस्वार मुलं चूक समजून पुसत सुटली होती. तुम्ही त्यांना सांगितलंत की छापलंय तसंच ठेवायचं, आपलं शुद्धलेखन आजोबांना शिकवायचं नाही. पिवळी पानं हिरवी करणारे तर कोण कुठले. बेळगावचे असतील, बीडचे असतील. सदस्यनावावरून कळत नाही. आमच्या गावच्या 1914 सालच्या वाचनालयात दिव्याच्या तेलाला किती खर्च आला, ती ओळ कुणीतरी रात्री जागून ताडून पाहिली आहे. त्या माणसाला ना आमचं देऊळ माहीत, ना आम्ही. त्यांनाही या पत्रात नमस्कार.

त्या अहवालाबद्दल एक सांगायचं राहिलं. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची बंधनं सैल झाली आणि गोव्यात मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं भराभर उभी राहिली. हेगडे देसाईंचा 'भारत' 1912चा. हे सगळं मी पुस्तकांत वाचलं होतं. पण आपल्याच गावात कुणी कपाट दिलं, कुणी बाक दिला, कुणी नुसतं झाडून काढायचं कबूल केलं, हे अहवालात ओळीने वाचताना माझी समजूत वेगळी झाली. कपाट देणाऱ्याने त्यावर नाव कोरून घेतलं होतं का, माहीत नाही. अहवालात तरी ते इतर नावांच्या बरोबरीनेच, त्याच आकाराच्या टाइपात आहे. झाडणाऱ्याचंही.

आणि मराठी-कोंकणीचं. 1987च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून या विषयावर आपल्याकडे आवाज चढतात, घरातसुद्धा. तुम्ही प्रत्येक फोटोखाली दोन्ही भाषांत वर्णन लिहिलंत. कॉमन्सवर एकदा चढलेला फोटो कुठल्याही भाषेच्या विकिपीडियावर लावता येतो. गोवा विद्यापीठाने 2013 साली कोंकणी विश्वकोश सर्वांना वापरता येईल अशा परवान्याखाली खुला केला, 2015 पासून कोंकणी विकिपीडियाही आहे. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत ते मी मराठीचा झेंडा घेऊन बसलो होतो म्हणून, आणि एकाही शब्दाने न टोचता. नाटक मराठी, तालमीतली भांडणं कोंकणी आणि परवानगी पोर्तुगीज, असं तर ते हँडबिल आहे. कुणाच्या एकट्याचं म्हणायचं?

दरवर्षी जानेवारीत जगभरातले ग्रंथपाल विकिपीडियावर निदान एक तरी संदर्भ जोडतात, 2016पासून ही मोहीम चालते, असं तुम्ही म्हणालात. या खेपेला तुमचा संदर्भ आमच्या गावाच्या वाट्याला आला. पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रंकेला येऊ दे. तशा ट्रंका अंत्रुजात घराघरांत आहेत. 'बघतो, शोधतो' म्हणत लोक त्यांवर गाद्या रचून ठेवतात.

एक काम अजून अडलेलं आहे, म्हणून हे पत्र वाचणाऱ्यांना विनंती. 1933च्या हँडबिलात नायिकेच्या सखीचं काम कुणी केलं ते नाव कसरीने खाल्लंय. कुणाकडे दुसरी प्रत असेल तर दाखवा, गंज लागला असला तरी चालेल. आमच्या प्रतीत शेवटची फक्त दोन अक्षरं उरली आहेत, 'कर'. गोव्यात एवढ्यावर माणूस कसा शोधणार?

देव बरें करूं, बाई.

आपला,
नायिकेचा नातू