फोन मागवलाय, आता ओरडू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

कॉर्डलेस फोन मागवून झाला आहे, त्यामुळे ‘कशाला उगाच खर्च’ हे आता म्हणून उपयोग नाही. बाबा, जुन्या फोनला काही झालेलं नाही हे मान्य. पण तो वाजला की तुम्ही दोघं ज्या घाईने उठता, त्याची मला धास्ती वाटते. गेल्या पावसाळ्याचा विषय मी काढत नाहीये. एरवी फोन करणारी मीच असते, म्हणून म्हटलं, तो तुमच्या उशाशीच वाजू दे.

जुना काढायचा मात्र नाही. नव्याचा बेस, म्हणजे हँडसेट ठेवायची बैठक, विजेवर चालतो. वीज गेली की हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही तो मुका. आपली लाइन अजून तांब्याच्या तारेचीच आहे, त्यामुळे जुना तेव्हाही चालेल. आतल्या खोलीत लावून ठेवा.

बाबा, तुमच्या खणातले सेल यात घालायचे नाहीत! दिसायला सारखेच, पण यातले निकेल-मेटल हायड्राइडचे, 1.2 व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे. रिमोटचे साधे सेल चार्जिंगवर गेले तर गळतात, फुटूही शकतात. अडॅप्टरही त्याच्यासोबत आलेलाच लावायचा. आणि हँडसेट शर्टाच्या वरच्या खिशात अजिबात नको. पेसमेकरपासून निदान 15 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर लांब धरा आणि उजव्या कानाला लावा. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त सवय लावायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही विचारून घ्या, म्हणजे माझं ऐकलंत असं होणार नाही.

आई, ओल्या हाताने उचलू नकोस, गॅसजवळ ठेवू नकोस. पुसायला किंचित ओलसर फडकं पुरे, स्पिरिट नको. चार्जिंगच्या पट्ट्या मात्र कोरड्याच पुसायच्या. आवाज खरखरला तर बेस राउटरपासून जरा दूर सरकव.

वीज कडाडली की तू माझे कान झाकून मला कुशीत ओढायचीस. मी मोठी झाल्यावरसुद्धा. आता माझी पाळी: आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आतच बेसचा प्लग आणि टेलिफोनची वायर दोन्ही काढून ठेवायची. एकदा गडगडू लागलं की त्याला हात लावायचा नाही, तेव्हा मोबाइलवर बोलू.

हँडसेट पांघरुणात हरवणारच. बेसवरचं बटण दाबलं की तो वाजतो, म्हणजे चष्म्यासारखं घरभर शोधायला नको.

मी तिथे असायला हवं होतं, हे मला कळतं. दादा रविवारी येऊन सगळे नंबर भरून देईल. तोवर खोकं उघडू नका, बाबा. उघडणारच असाल तर निदान माहितीपुस्तिका रद्दीत टाकू नका.

तुमची,
ठमी