ती. आई-बाबा, तिकिटं काढली आहेत

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मध्येच "बघू, बघू" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहूनच कळवते. आफ्रिकेच्या सफारीची तिकिटं काढली, गाइड ठरवला, आगाऊ रक्कमही भरून झाली. दादामामाची राखी झाली की दुसऱ्या दिवशी, २९ ऑगस्टच्या रात्री, मुंबईहून निघायचं. दुबईला विमान बदलून जोहान्सबर्ग. परत १० सप्टेंबरला. गणपती १४ ला आहेत, म्हणजे मखराला चार दिवस मिळतात. आई, पितृपंधरवडा नंतर आहे, तेव्हा तीही हरकत नको.

बाबा, तुम्हाला जानेवारी हवा होता, हे मला माहीत आहे. अमूर ससाणे, युरोपातून आलेले वेडे राघू, वूडलँड किंगफिशर, सगळे पाहुणे पक्षी तेव्हाच इथे असतात. पण जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पावसाळा असतो. पारा चाळिशीला टेकतो, गवत पुरुषभर वाढतं आणि पाणी जागोजागी असल्यामुळे जनावरं विखुरतात. मलेरियाचा जोरही तेव्हाच. ऑगस्टअखेर उलट असतं. झाडं निष्पर्ण, पाणवठे थोडेच उरलेले, म्हणून हत्ती, म्हशी, सिंह सगळ्यांना तिथेच यावं लागतं. पानं नसल्यामुळे फांदीवरचं घुबडसुद्धा दिसतं. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी हा विचार जास्त केला, एवढंच. डोळे उत्तमच आहेत तुमचे.

आणि पाहुणे अगदीच नसतात असं नाही. वॉलबर्गचा गरुड आणि पिवळ्या चोचीची घार ऑगस्टमध्येच परततात. बोत्स्वानातल्या चोबे नदीवर, तिथेही आपण जाणार आहोत, लालभडक कार्माइन वेडे राघू येऊ लागलेले असतात, ते पुढे नदीकाठच्या मातीच्या दरडींत बिळं करतात. चातक तेव्हा आपल्याकडेच असेल, त्याची हळहळ नको. अमूर ससाण्यांचं म्हणाल तर ते नोव्हेंबरअखेर लोणावळ्याच्या बाजूने इकडे यायला निघतात. त्यांना तिथेच गाठा, जोशीकाकांची गाडी आहेच.

क्रुगरमधल्या सहा मोठ्या पक्ष्यांची एक यादी इथले लोक डोक्यात ठेवूनच फिरतात: जमिनीवर चालणारा ग्राउंड हॉर्नबिल, कोरी बस्टर्ड, लॅपेट-फेस्ड गिधाड, मार्शल गरुड, खोगीरचोच्या करकोचा आणि पेलचं मासेमार घुबड. पहिले पाच मिळायची आशा धरा. घुबड बहुतेक उत्तरेकडच्या नद्यांवर, तिकडे आपण जात नाही. कोरी बस्टर्ड म्हणजे आपल्या माळढोकचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला. नर १८ किलोपर्यंत भरतो आणि तरीही उडतो. सटारा कॅम्पभोवतीच्या गवताळ भागात तो चालताना दिसतो. नान्नजला तुम्ही चार तास उन्हात पालथे पडून जे पाहिलंत, ते इथे गाडीत बसून दिसेल. (नान्नजचं आईसमोर काढू नका, तिला अजून राग आहे.)

आता व्यवस्था. क्रुगरमध्ये मी तुमच्यासोबत आहे, लोअर साबी आणि सटारा अशा दोनच मुक्कामांत. रोज नवी जागा, रोज बॅग भरा हा प्रकार मुद्दाम टाळला. खोलीत स्वतःचं शौचालय, गरम पाणी, किटली आणि बाहेर छोटं स्वयंपाकघर. आई, आलं आणि चहाची पूड मी आणते. सोमवारच्या उपासाचा साबुदाणाही माझ्याकडे आहे, दाणे, बटाटे, दही इथे मिळतंच. इथल्या जेवणात मक्याच्या पिठाचा पॅप असतो, आपल्या उकडीसारखा, आणि सोबत चकालाका नावाची तिखट भाजी. ती तुला आवडेल. रूइबॉसचा चहा बाबांना रात्री चालेल, त्यात कॅफीन नसतं. येताना घरचं तूप, लाडू, बिया, ताजी फळं आणू नकोस, कस्टममध्ये काढून घेतात. सीलबंद मेतकूट आणलंस तर बॅग तपासताना विचारण्याआधीच सांगून टाक.

व्हरांड्यातल्या फ्रिजला जाळीचं दार असतं, ते आठवणीने लावायचं. बबून आणि व्हर्वेट माकडं आत हात घालतात. आणि आई, त्यांना पोळीचा तुकडासुद्धा घालायचा नाही. माणसाच्या हातून खायला शिकलेला बबून पुढे हल्ले करतो आणि शेवटी त्यालाच गोळी घालावी लागते.

सफारीची गाडी उघडी असते, पायऱ्यांसारख्या तीन रांगा. मागची रांग सगळ्यात उंच, तिथून लांबवर दिसतं, पण खड्ड्यात सगळ्यात जास्त तीच उडते. आईच्या कमरेसाठी ड्रायव्हरच्या मागची रांग राखून ठेवली आहे. चढायला लाकडी पायरी ठेवतात. साडी नको, पंजाबी ड्रेसच घाल. पहाटे ९-१० अंश असतं आणि गाडी चालू लागली की वारा अंगात शिरतो, दुपारी मात्र २७-२८. म्हणून जाड स्वेटर एक नको, पातळ थर तीन हवेत, उतरवत जाता येतात. कानटोपी बाबांची. नाही म्हणायचं नाही.

सहाला गेट उघडतं तेव्हा निघायचं आणि नाश्त्याला परतायचं, म्हणजे तीन-साडेतीन तास. मध्ये ठरलेल्या जागांखेरीज कुठेही उतरायला बंदी आहे. बाबा, पाण्याची गोळी सकाळी घेतलीत तर याच वेळात अडचण होईल. ती परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा, स्वतः ठरवू नका. पहिलं शौचालय किती अंतरावर आहे हे गाइड रोज निघताना सांगेल, मी त्याला बजावलं आहे. तो फील्ड गाइड्स असोसिएशन ऑफ सदर्न आफ्रिकाची परीक्षा पास झालेला आहे आणि वयस्कर माणसांशी, म्हणजे अनुभवी पक्षीनिरीक्षकांशी, फार अदबीने वागतो.

तुमची ती १०x५० दुर्बीण घरीच राहू द्या. गाडीत दहापट मोठं केलेलं चित्र दहापट हलतं, आणि किलोभर वजन मानेवर. मी ८x४२ घेऊन ठेवली आहे, वजन निम्म्याला जरा जास्त आणि पट्टा खांद्यांवरून पाठीवर क्रॉस जातो. चष्मा न काढता बघायचं असेल तर डोळ्यांवरच्या रबरी कडा खाली फिरवा, नाहीतर चित्राभोवती काळं वर्तुळ दिसतं. पक्षी थांबला की "इंजिन बंद" एवढंच म्हणा, तो लगेच करतो. उभं राहायचं नाही. बसलेली माणसं जनावरांना गाडीचाच भाग वाटतात, उभा राहिलेला माणूस वेगळा दिसतो.

चोबेला मात्र मी येऊ शकत नाही. त्या आठवड्यात माझी सुट्टी मंजूर झाली नाही, मला खरंच वाईट वाटतंय. पण तिथे गाइड २४ तास तुमच्यासोबतच आहे आणि जोहान्सबर्गहून चोबेजवळच्या कासाने गावाला थेट विमान आहे. ओकावांगो, म्हणजे बोत्स्वानातलाच नदीचा त्रिभुज प्रदेश, वगळला कारण तिथे छोटी विमानं, पाण्यालगत खाली बसायच्या होड्या आणि तंबू. चोबेला बोट म्हणजे गुडघ्यांना पूर्ण विश्रांती. दुपारी तीनला निघायचं, सूर्यास्ताला परत. बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत आणि कोरड्या दिवसांत त्यांतले पुष्कळ या नदीवर पाणी प्यायला येतात. सेडुडू बेटापाशी पोहून पलीकडे जातानाही दिसतील. बाबा, याच बेटावरून बोत्स्वाना आणि नामिबियाचा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता, १९९९ मध्ये बोत्स्वाना जिंकला. आता शांतपणे दुर्बीण लावा. वाळूच्या पट्ट्यांवर आफ्रिकन पाणचिरे बसलेले असतील, खालची चोच वरचीपेक्षा लांब. पाण्यात हात घालायचा नाही, मगरी आहेत.

मलेरियाच्या गोळ्या दोन्ही ठिकाणांसाठी लागतील. सीझन कमी असला तरी शून्य नसतो. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज जेवणासोबत, आणि चोबे सोडल्यावर आणखी सात दिवस. म्हणजे गणपतीच्या गडबडीतही चालूच. मोदक वळताना विसरायची नाही. बाबांची रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगूनच लिहून घ्या. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर "आफ्रिकेला जाऊन आलो" हे पहिलं वाक्य. संध्याकाळी पूर्ण बाह्या.

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, दोन. एक आईच्या गुडघ्यांसाठी. दुसरी नुसती तिच्या सोबतीला, बाबा, तुम्ही बसा अगर बसू नका. एरवी टेकडीवर मला खांद्यावर घेऊन तांबट दाखवायला तुम्हीच चढायचात, हे मी विसरलेले नाही.

औषधं दुप्पट, निम्मी आईच्या हातबॅगेत, निम्मी तुमच्या, प्रिस्क्रिप्शनवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या. मोबाइल चार्जरसाठी वेगळं काही घेऊ नका, इथे आपल्या गीझरसारखा मोठा तीन पिनांचा प्लग बसतो, तो अ‍ॅडॅप्टर माझ्याकडे आहे. पासपोर्ट परतल्यानंतर सहा महिने तरी चालू हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. आईचा मला शंकास्पद वाटतोय, आजच कपाटातून काढून बघा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा मागायचा, कारण बोत्स्वानाहून परत यायचं आहे. दोन्ही पासपोर्टांचे फोटो रविवारपर्यंत पाठवा, सरळ धरून, बोट न येता.

तुमची,
चिमी