धोटा देतो, पण पाटी मी लिहिणार

वडगाव, बेळगाव
रविवार

प्रिय दोस्ता,

पत्र मिळालं. शाळेच्या जुन्या वर्गात गावच्या धंद्यांचं संग्रहालय करताय, आज्जाचा धोटा, हातमागावर आडवं सूत नेणारा तो लाकडी तुकडा, दे म्हणतोस. काल माळ्यावरनं काढला. गोणपाट उंदरांनी खाल्लंय, धोटा शाबूत. टोकांचं लोखंड गंजलंय, पण लाकूड हात फिरून फिरून असं गुळगुळीत झालंय की काचेच्या पेटीत घालू नका, पोरांना धरू दे की. आत अर्धी कांडी आहे, जांभळ्या सुताची. आई म्हणाली, "सूत काढू नको." तेवढंच म्हणाली आणि आत गेली.

आज्जा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. पावडी दाबायची, दोरी ओढायची, धोटा ठप्पदिशी पलीकडं. पुढं गल्लीत पॉवरलूम आले आणि त्या खडखडाटात हा ठप्प विरून गेला. शेजारचे कानडी विणकर धोट्याला लाळी म्हणायचे. पाटीवर मी दोन्ही नावं घालणार. भांडायचं त्यांनी बाहेर जाऊन भांडावं.

किर्लोस्करांचं नाव यादीत आहे, छान. पण 'थोर सुपुत्र' लिहून मोकळे होऊ नका. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव मुंबईची मास्तरकी सोडून आले, बेळगावात सायकलचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी नांगराला शिवेनात! एवढं सोसून धंदा उभा राहिला, तर नगरपालिकेला वस्ती वाढवायला तीच जागा हवी झाली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली कारखाना तिकडं गेला. ती किर्लोस्करवाडी. आपल्याकडं उरलंय रस्त्याला नाव. ही गोष्ट पाटीवर आलीच पाहिजे, कुणाला झोंबली तरी.

येळ्ळूरच्या मामाच्या गोठ्यामागं जुना लोखंडी नांगर पडलाय. फाळ झिजून निम्मा झालाय. मागून बघतो, पण मामाचं तुला ठाऊक आहे, भंगारवाल्यालासुद्धा दोनदा चहा पाजून रिकामा पाठवलाय.

आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांना आत्ताच गाठ. ओतकामाचे जुने लाकडी पॅटर्न, ज्यांच्यावरनं वाळूत साचा पाडतात ते, चुलीत जातात. सागवानाचे रे! एकतरी वाचव.

शनिवारी दुपारी येतो. धोटा पिशवीत असेल, कांडीसकट.

तुझा,
वडगावकर