वंश खुंटला म्हणे!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जॉफ्रुआ द शार्नीवरचा लेख वाचला. (तुम्ही त्याचा ‘चार्नी’ केलात, चालायचंच.) पॉइतिएच्या लढाईत १३५६ साली फ्रान्सच्या राजाचा ध्वज हातात धरून पडलेल्या सरदाराला अर्धं पान दिलंत, तक्रार नाही. पण त्याच्या घरादाराची वासलात लेखकमहाशयांनी एका ओळीत लावली: ‘पुढे हा वंश खुंटला.’

खुंटला? मग नात मार्गरीत कोण होती? १४१८ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तिच्या नवऱ्याने लिरे गावच्या चर्चमधलं ते प्रसिद्ध, येशूचं मानलं जाणारं कफन सांभाळायला घेतलं, रीतसर पावती दिली. तो वारल्यावर पाद्री परत मागू लागले, बाई देईनात. वस्त्र आजोबांनी मिळवलेलं, हे तिचं म्हणणं. १४४३ पासून कोर्टकज्जे. शेवटी १४५३ मध्ये तिने ते सव्हॉयच्या ड्यूकच्या हवाली केलं आणि १४५७ मध्ये धर्मबहिष्कार ओढवून घेतला. कफन आज तूरिनला आहे ते हिच्यामुळे. कापडाचं वय ठरवणाऱ्या १९८८ च्या कार्बन चाचणीला मात्र तुमच्याकडे वेगळी चौकट!

माझ्या रागाला कारण आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला तेव्हा माझ्या आत्याच्या जागी ‘एक कन्या’ एवढेच दोन शब्द आले. आजोबांमागे जमिनीच्या दाव्यासाठी अकरा वर्षं एस्टीने तालुक्याला खेपा घातल्या त्या हिने, मांडीवर कागदांची पिशवी आणि डब्यात दशमी. काकांना तारखासुद्धा पाठ नसत. मंडळाला पत्र टाकलं, तर उत्तर आलं, ‘मुलींची नावे सासरच्या कुलवृत्तांतात पाहावीत.’ आत्याने लग्नच केलं नव्हतं हो!

लेखासोबत छापलेला फोटो तरी लेखकाने पाहायचा. सेन नदीत सापडलेला तो कफनाच्या यात्रेकरूंचा शिशाचा बिल्ला. त्यावर शार्नीच्या चिन्हातल्या तीन ढाली आहेत आणि बायको जान द व्हर्जीच्या माहेरची फुलंही. चौदाव्या शतकातल्या ओतकामाच्या कारागिराला बोटभर शिशात माहेरसाठी जागा सापडली. तुमच्याकडे अर्धं पान होतं.

ता. क. : गेल्या महिन्यातलं माझं पत्र मधूनच कापलंत, त्यामुळे मी नेमकं उलट म्हणतोय असं वाटत होतं. हे कापायचं झालं तर आत्याचा मजकूर तेवढा ठेवा.

एक जुना वर्गणीदार