गोव्याची पोरं भरतीला का येत नाहीत

वाळपई, सत्तरी
२१ डिसेंबर २०२५

प्रिय आप्पा,
जय शिवराय.

तुझा फोन आला तेव्हा मी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत होतो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि पलीकडून तू सुरू झालास : "तुमची गोव्याची पोरं कोल्हापुरात येतात ती अंबाबाईचं दर्शन घ्यायला आणि रंकाळ्यावर भेळ खायला. सैन्यभरतीच्या मैदानावर एक दिसेल तर शपथ." मी हसलो आणि पाणी वाया जातंय असं सांगून फोन ठेवला. पाणी कुठेही जात नव्हतं, तुझं बोलणं लागलं होतं. फोनवर मला धड बोलता येत नाही, तूही बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय.

पहिली गोष्ट कबूल करतो. सैन्य गोव्यात भरपूर आहे, गोवेकर सैन्यात कमी. नौसेनेचेच तळ बघ, दाबोळीला हंसा, वास्कोला गोमंतक, वेऱ्याला मांडवी. बांबोळीला सिग्नलवाल्यांचं ट्रेनिंग सेंटर, नावेलीला आणखी एक. इतक्या लहान राज्यात इतक्या वर्द्या दिसतात, पण त्या वर्दीतला माणूस हरयाणाचा नाहीतर केरळचा. आपल्या लोकांना नेव्ही म्हटलं की आधी आठवतं काय, तर दाबोळीच्या विमानतळावर विमानांना वेळ मिळत नाही ही तक्रार. पोराच्या नोकरीची वाट म्हणून त्या फाटकाकडे कुणी बघत नाही.

तुमच्याकडचं वेगळं रे. तुमच्या गावात एका घरात आजा लढाईला गेलेला, बाप पलटणीत, चुलता पेन्शनीत. पोराला कुणी काही सांगावं लागत नाही, तो अंगणातच शिकतो. आमच्या सत्तरी तालुक्याचा सैन्याशी संबंध आला तो बंडाचा. १८५२ साली दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो पोर्तुगीजांच्या विरुद्ध. १८९५ साली पोर्तुगीज पलटणीतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला. ते बिथरले, हत्यारं घेऊन सरळ आमच्या रानात आले आणि दादा राणे त्यांना मिळाले. लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला तेव्हा ते आटोक्यात आलं. म्हणजे आमच्या पणज्यांनी शिपाईगिरीची परंपरा ठेवली ती नोकरी मोडण्याची! १९६१ च्या डिसेंबरपर्यंत भारतीय सेना ही आमची सेनाच नव्हती. तुझी मराठा पलटणीची परंपरा १७६८ पासूनची, आमची १९६१ नंतरची. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बरं, थोडं सबब म्हणूनही सांगतो.

मी स्वतः का गेलो ते तुला माहीत आहे, पण एकदा लिहून ठेवतो. देशप्रेम वगैरे काही नव्हतं. आमच्या वाड्यावरचा एक दादा सुट्टीवर आला होता. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. त्याने ती ट्रंक ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर ताठ बसला. बस, इतकंच. मला तशी ट्रंक हवी होती. कुळ्याहून मीटरगेजच्या गाडीने लोंढा, तिथून बेळगाव. तिथल्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरात पहिल्या आठवड्यात उस्तादाने असा रगडा लावला की ट्रंक, दादा आणि ओटा तिन्ही विसरलो. त्या रात्री तुझ्या चारपाईवर बसून आपण दोघं रडलो होतो. तू आता पोरांना सांगत असशील की तू कधी रडला नाहीस.

तर परवा १९ तारखेला इथल्या एका हायस्कूलने गोवा मुक्तिदिनाला मला बोलावलं. पोरांना सैन्यात जाण्याची प्रेरणा द्या, म्हणाले. मी मेडल लावली, टाय बांधला. अंजदीव बेटावर उतरताना नौसेनेचे सात जण पडले ते सांगितलं. २ पॅरा ही पलटण, मूळची आपलीच तिसरी मराठा, उसगावमार्गे फोंड्यात शिरली तेही सांगितलं. माझे मला काटे आले अंगावर. समोर पोरं जांभया देत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एक बारका उठला आणि कोंकणीत म्हणाला, "काका, तुमचो चलो खंय आसा?"

माझा मुलगा बोटीवर आहे हे तुला ठाऊकच आहे. क्रूझवर, किचनमध्ये. मी खरं तेच सांगितलं, "बोटीवर." अख्खा वर्ग हसला. मास्तरही हसले, फक्त तोंडावर रुमाल धरून.

घरी येऊन मेडल काढताना वाटलं, त्या पोराने बरोबर नस धरली. माझ्या मुलाला मी अडवलं नव्हतं. त्याला बोटीवर मिळतात ते डॉलर मला दिसत होते, आणि या घराचं कौल काढून स्लॅब घातला तो त्याच पैशांवर. मग दुसऱ्याच्या पोराला 'तू जा' म्हणायला मी कोण? हा प्रश्न मी दोन रात्री चावत बसलो. उत्तर सापडलं असं म्हणत नाही. पण एक ठरवलं, की भाषण बंद. 'जा' असं कुणाला म्हणायचं नाही. जो स्वतःहून येईल त्याला आधी सगळा हिशेब सांगायचा, आणि त्यानंतरही तो दुसऱ्या दिवशी पहाटे आला तर त्याच्याबरोबर धावायचं.

पहाटेचं ते काम खरं तर तीन-चार वर्षांपासून चालू आहे, तुला कधी नीट सांगितलं नाही. वाळपईच्या मैदानावर साडेपाचला सात-आठ पोरं येतात. पावसाळ्यात लाल चिखल बुटाला असा चिकटतो की प्रत्येक पायाला अर्धा किलो वजन. मी म्हणतो, यातच धावा, कोल्हापूरला कोरडी माती मिळाली की उडाल. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आले तर साठ गुण, दहा बीम मारले, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून दहा वेळा अंग वर ओढलं, तर चाळीस. बीमसाठी दोन आंब्यांमध्ये जुना पाण्याचा पाइप बांधलाय. पोरांचे पाय चांगले आहेत, रानातली पोरं ती. दंडात मात्र जोर नाही. चौथ्या बीमला पाय झाडायला लागतात, जाळ्यातल्या माशासारखे.

एकाची गोष्ट सांगतो. आमचा सगळ्यात चांगला धावणारा. ५ मिनिटं २४ सेकंद, तेही चिखलात. मी मनात म्हटलं, हा गेला. एके दिवशी उकडतंय म्हणून त्याने बनियन काढलं, तर पाठीवर मानेखाली हा एवढा विंचू! सीझनला बागा किनाऱ्यावर शॅकमध्ये कामाला होता, तिथे हौसेने काढून घेतलेला. मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिलो. कोपराच्या आतून मनगटापर्यंत, नाहीतर तळहाताच्या मागे, एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं, बाकी अंगावर असलं की मेडिकलमध्ये बाहेर. तुमच्याकडे हे पोरापोराला माहीत असेल. आमच्याकडे किनाऱ्यावर दर वीस पावलांवर टॅटूचं दुकान आणि कुणी सांगणारा नाही. आता नवीन पोरगा आला की मी नाव विचारायच्या आधी शर्ट काढायला लावतो. विंचूवाला किनाऱ्यावर जीवरक्षक झालाय. गेल्या महिन्यात दोन पर्यटकांना ओढून बाहेर काढलं म्हणे. भेटला की अजून कडक सॅल्यूट ठोकतो, माझ्या पोटात कालवतं.

आता हिशेबाचं. तू तुझ्या भरतीच्या अकॅडमीत पोरांना अग्निवीरचा, म्हणजे या चार वर्षांच्या सैन्यभरतीचा कागद वाचून दाखवतोस की नाही मला माहीत नाही, मी दाखवतो. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार निधीत कापले जाणार, हातात एकवीस. सरकार तेवढेच नऊ घालतं. चार वर्षांनी व्याजासकट सुमारे पावणेबारा लाख मिळतात. पेन्शन नाही. शंभरातले पंचवीस जास्तीत जास्त पुढे घेणार, बाकीचे घरी. केंद्रीय पोलीस दलांत राखीव जागा आहेत, तेही सांगतो. हे सगळं सांगून झालं की पाचातले दोन दुसऱ्या दिवशी येत नाहीत. माझ्या मते ते बरं झालं. मेडिकलला गळण्यापेक्षा कागदाला गळलेला पोरगा कमी दुखावतो.

पण आपण दोघं सतरा-अठरा वर्षांचे असताना आपल्याला कुणी असं सांगितलं होतं का? आपल्याला पेन्शन होती म्हणून सांगायची गरजच नव्हती. आज मी पेन्शनच्या पैशांवर चहा पितो आणि त्याच हाताने ज्याला पेन्शन मिळणार नाही त्याला पाठवतो. मला ते जड जातं. योजना चांगली की वाईट यावर आपलं भांडण झालं तर ते संपणार नाही, ते गणपतीत समोरासमोर करू.

माझ्या हातून गेलेला पहिला पोरगा अग्निवीरांच्या पहिल्याच तुकडीतला. पुढच्या वर्षअखेरीला त्याची चार वर्षं भरतील. त्याची आई बाजारात भाजी विकते. मला बघितलं की तराजू खाली ठेवते आणि विचारते, "भाऊ, चार वर्सां जाली की मागीर कितें?" मी म्हणतो, पोरगा हुशार आहे, पंचवीसात येईल. ती म्हणते, "आनी ना आयलो जाल्यार?" मी दोन जुड्या लाल भाजी जास्त घेऊन घरी येतो. बायको विचारते, एवढी भाजी कशाला.

तो सुट्टीवर आला होता चवथीला. आप्पा, तो चालत आला ना, तेव्हा मला ती ट्रंक आठवली. आधी खांदे पाडून चालणारा, कुणी विचारलं तर पायाच्या अंगठ्याने माती उकरणारा पोरगा. वडील खाणीवर ट्रक चालवायचे, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरात बसून. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला शेजारच्या म्हाताऱ्याचे हात पोचेनात, तर हा न सांगता स्टुलावर चढला आणि सगळी बांधून झाल्यावरच खाली उतरला. बापाशी बसून बोलला. पैशांचं नाही, घराच्या छपराचं. मी लांबून बघत होतो. त्याला मी विचारलं, पुढच्या वर्षी परत आलास तर काय? म्हणाला, "परत आलो तर इथे पोलीस भरतीला उतरेन, धावायला येतंच आता." मग थोडं थांबून, "पण भाऊ, राहायला मिळालं तर राहीनच." हे मी त्याच्या आईला सांगितलं नाही.

आणि एक मुलगी येते, तुला ऐकून बरं वाटेल. बारावीला आहे, गणित चांगलं. तिला शिपाई व्हायचं नाही, अधिकारी घडवणारी खडकवासल्याची एनडीए हवी आहे. आमच्याकडे अजून समज असा की सैन्य म्हणजे शिपाई. आपले जनरल सुनीथ रॉड्रिग्स गोव्याच्या घरातले, लष्करप्रमुख झाले, तरी पोरांना नाव सांगावं लागतं. खडकवासल्यातून यंदा मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. त्याच महिन्यात नौसेनेच्या दोघी, दिलना आणि रूपा, 'तारिणी' शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारून गोव्यात परतल्या, त्या इथल्याच मांडवीवरून निघाल्या होत्या. माझ्या भाषणाला जांभई देणाऱ्या वर्गात ही मुलगी नव्हती, पण तारिणीचा फोटो तिने वहीच्या पुठ्ठ्याला लावलाय. परीक्षेचं तिचं ती बघते. एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीच्या पाच दिवसांत काय करतात ते मला कुठे माहीत? तुझ्या ओळखीत कुणी निवृत्त कर्नल असेल तर तिला एकदा बोलायला लाव, फोनवर चालेल. तिचे वडील शिक्षक आहेत, घाबरलेले आहेत, पण अडवत नाहीत.

आता मुख्य काम. पुढच्या भरतीच्या लेखी परीक्षेला पाच पोरं बसणार. आता मराठीतूनही देता येते त्यामुळे आमच्या मराठी शाळांतली पोरं धीटपणे फॉर्म भरतात. जी पास होतील त्यांना मैदानाला कोल्हापूरला यावं लागेल, आमची भरती तुमच्याच ऑफिसकडे. मागच्या वेळी दोघं रात्रभर बसमधून आले, अंधारात रांगेत उभे राहिले आणि पोटात गोळा येऊन तिसऱ्या फेरीत बसले. यावेळी दोन दिवस आधी पाठवतो. तुझ्या अकॅडमीच्या हॉलमध्ये चटया टाकून झोपू दे, आणि तुझ्या पोरांबरोबर एकदा धावायला लाव, म्हणजे गर्दीची भीती मोडेल. खर्चाचं काय ते मी बघतो.

वहिनींना नमस्कार सांग. काजूची दोन किलोची पिशवी पोरांबरोबर देतो, तू एकट्याने संपवू नकोस. आणि वहिनींना एवढं सांग, की मैदानाच्या आदल्या रात्री पोरांना तांबडा रस्सा वाढू नका. धावून झाल्यावर हवा तेवढा.

तुझा,
बाबल