सुध्यास पत्र

कराड, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

पित्त जागच्या जागी, आई बरी. एवढी खुशाली पुरे.

आमच्या ओढ्याकडच्या बांधाचा निवाडा करायला दादा आणि बारक्या, दोघांनी मिळून मला नेमलंय. हास लेका. 2008 साली फिनलंडच्या अहतिसारीला, त्या जगभरची भांडणं मिटवत फिरणाऱ्या मध्यस्थाला, शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा मेसमध्ये आपण कसे भांडलो, हे ठाऊक असलेला तूच एक, म्हणून हे तुझ्या गळ्यात.

'इंडोनेशियातल्या आचे प्रांताचं बंड त्सुनामीनं मिटवलं, त्या फिनलंडवाल्यानं नाही,' हे तुझं पालुपद मला अजून मान्य नाही. बोलणी जमवायच्या हालचाली लाट येण्याआधीच सुरू होत्या. आणि माणूस गोडबोल्या नव्हता. बंडखोरांना सरळ बजावलं, स्वातंत्र्याचा हट्ट असेल तर इथं वेळ घालवू नका, स्वायत्ततेवर बोलायचं तर बसा. वर, सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं असं धरायचं नाही. 1976 पासूनचं बंड 15 ऑगस्ट 2005 ला हेलसिंकीत सह्या होऊन थांबलं. बंडखोरांनी 840 हत्यारं टाकली, जकार्तानं बाहेरून आणलेलं सैन्य मागे घेतलं. मीही पारावर तस्साच रुबाब केला: मोजणी होईपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही.

दादानं लगेच रात्रीत जेसीबी घातला.

तेव्हापासून डोक्यात आचे नाही, नामिबिया आहे. 1 एप्रिल 1989, शस्त्रसंधीचा पहिलाच दिवस, अहतिसारी संयुक्त राष्ट्रसंघाचा तिथला प्रमुख. स्वापोचे, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातून नामिबिया सोडवायला लढणाऱ्या संघटनेचे, लढवय्ये अंगोलातून आत आले. राष्ट्रसंघाची फौज (सेनापती आपले प्रेमचंद) पुरती पोचलेलीही नव्हती. यानं दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याला छावणीबाहेर पडायची मुभा दिली. काही दिवसांत स्वापोची तीनशेच्या आसपास माणसं मेली. नोव्हेंबरात मतदान झालं, स्वापोच जिंकली, 1990 ला देश स्वतंत्र झाला, पुढं त्याच देशानं याला मानद नागरिकत्वही दिलं. मुभा दिली नसती तर दक्षिण आफ्रिकेनं करारच मोडला असता, असं मला वाटतं. 'हे त्या मेलेल्यांच्या घरी जाऊन सांग,' असं तू म्हणाला होतास. त्यावर मी तुझ्या ताटातली पोळी पळवली होती.

आता बारक्या विचारतो, पोलिसात जाऊ का? जा म्हटलं तर दादा आत जाईल. नको म्हटलं तर बारक्याची पोरं कुऱ्हाडी घेऊन शेतात. आणि दादाचंही खोटं नाही रे, त्याचा ऊस पाण्यात कुजत होता. त्यात दादाचे सासरे म्हणजे आमचा रशिया! सर्बियापासून कोसोवो वेगळा करायचा अहतिसारीचा आराखडा रशियानं सुरक्षा परिषदेत अडवला, तसे हे प्रत्येक तोडग्याला आडवे. जमीन यांची इंचभरही नाही.

तुझी बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं. वहिनींना नमस्कार. चिंगीनं चित्रकला सोडली हे मात्र आवडलं नाही.

गुरुवारी मोजणीला येतायत. बारक्याची तक्रार लिहून तयार आहे, ती मी मागून घेऊन माझ्या खिशात ठेवलीय. जाऊ देऊ की नको, ते कळव. फोन नको, इथं भिंतीपलीकडं दादाच असतो. स्पीडपोस्टनं लिही, आणि अक्षर नीट काढ.

तुझा,
बाळ्या